ओमाहेकेचे स्मरण कोणाच्या नावाने? जर्मन संसदेच्या सदस्यांस खुले पत्र



१९०४ ते १९०८ या काळात तत्कालीन जर्मन दक्षिण-पश्चिम आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, जर्मन साम्राज्याच्या सैन्याने हेरेरो आणि नामा या दोन समाजांचा जो संहार केला, त्याच्या स्मरणाविषयी हे पत्र आहे. जे घडले तो वंशसंहार होता, याविषयी इतिहासकारांमध्ये आता फारसा वाद उरलेला नाही. हे स्मरण कोणी करायचे, कोठे करायचे आणि कोणाच्या नावाने करायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आजवर जर्मनीच्या वतीने जे बोलले गेले ते मंत्र्यांनी आणि वाटाघाटींसाठी नेमलेल्या प्रतिनिधींनी. ज्या सभागृहाने त्या युद्धाचा खर्च मंजूर केला त्याची वारस असलेल्या संसदेने आपल्या ठरावात वंशसंहार हा शब्द निःसंदिग्धपणे उच्चारलेला नाही. भारताने १९४६ पासून संयुक्त राष्ट्रांत या प्रदेशाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १९८९-९० मधील सत्तांतराच्या वेळी तेथील संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे नेतृत्व लेफ्टनंट जनरल प्रेम चंद या भारतीय सेनाधिकाऱ्याने केले. त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकालाही अगदीच परका वाटू नये.

हेरेरो लोक १२ जानेवारी १९०४ रोजी ओकाहांड्या येथे उठले, त्यामागे अनेक वर्षांचा जाच होता. १८९७ मध्ये आलेल्या बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या साथीच्या रोगाने, या पशुपालक समाजाचे कळपच्या कळप नाहीसे केले होते. उधारीवर माल देणारे जर्मन व्यापारी वसुलीसाठी उरलेली गुरे आणि जमीन ओढून नेत होते, आणि १९०३ मध्ये जुन्या कर्जांना एक वर्षाची मुदत घालणारा नियम आल्यावर तर ही वसुली लुटीच्या थराला गेली. उठावात सुमारे १२३ जर्मन मारले गेले, आणि स्त्रिया, मुले व धर्मोपदेशक यांना हात लावू नये, असा हेरेरोंचे प्रमुख सामुएल माहारेरो यांचा आदेश होता, हेही नोंदले गेलेले आहे. गव्हर्नर थिओडोर लॉइटवाइन यांना तडजोडीने प्रश्न मिटवायचा होता. परंतु बर्लिनने त्यांना बाजूला सारून जनरल लोथार फॉन ट्रोथा यांच्या हाती युद्धाची सूत्रे दिली. ११ ऑगस्ट १९०४ रोजी वॉटरबर्ग डोंगराजवळ ओहामाकारी येथे लढाई झाली, आणि पराभूत हेरेरो आपली बायकामुले व गुरे घेऊन पूर्वेकडच्या ओमाहेके या निर्जल प्रदेशात शिरले. सैन्याने परतीच्या वाटा आणि पाणवठे अडवून धरले. २ ऑक्टोबरला ट्रोथा यांनी काढलेल्या फर्मानानुसार जर्मन हद्दीत दिसणारा प्रत्येक हेरेरो पुरुष, सशस्त्र असो वा निःशस्त्र, गोळीला बळी पडणार होता आणि स्त्रिया व मुले यांना परत वाळवंटात हाकलले जाणार होते किंवा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जाणार होत्या. हे फर्मान डिसेंबरमध्ये बर्लिनहून मागे घेण्यात आले, तोवर हजारो माणसे तहानेने मेली होती.

ऑक्टोबर १९०४ मध्ये दक्षिणेकडील नामा लोकही हेंड्रिक विटबोई यांच्या नेतृत्वाखाली लढ्यात उतरले. विटबोई २९ ऑक्टोबर १९०५ रोजी धारातीर्थी पडले. फर्मान मागे घेतल्यानंतर जिवंत उरलेल्यांना छळछावण्यांत डांबण्यात आले. विंडहूक, ओकाहांड्या, करिबिब, स्वाकोपमुंड आणि ल्युडेरिट्झ येथे अशा छावण्या होत्या. ल्युडेरिट्झच्या खाडीतील शार्क बेटावर उष्ण प्रदेशातून आणलेले कैदी अंगावर पुरेसे वस्त्र नसताना समुद्राच्या गार वाऱ्यात राहत होते, बंदराच्या आणि रेल्वेच्या कामावर राबत होते आणि मरत होते. नामा नेते कॉर्नेलियस फ्रेडरिक्स १९०७ मध्ये तेथेच वारले. खुद्द लष्कराच्या आकडेवारीनुसार या छावण्यांत ७,६८२ कैदी मेले, म्हणजे डांबलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे. युद्धापूर्वी हेरेरोंची लोकसंख्या सुमारे ८०,००० आणि नामांची सुमारे २०,००० होती असे मानले जाते; १९११ च्या गणनेत १५,१३० हेरेरो आणि ९,७८१ नामा उरले होते. दरम्यान १९०५ ते १९०७ या काळात राजाज्ञांनी त्यांची जमीन जप्त झाली, आणि गव्हर्नरच्या परवानगीवाचून जमीन व गुरे बाळगण्यास त्यांना बंदी झाली.

हा सारा इतिहास बर्लिनपासून हजारो मैल दूर घडला, म्हणून तो बर्लिनचा नव्हे, असे मानण्याची सवय जुनी आहे. ती सोडण्यास याच सभागृहाचे दप्तर पुरेसे आहे. सुमारे १४,००० सैनिक आणि सुमारे ६० कोटी मार्क एवढा या युद्धाचा पसारा होता, आणि त्याचा पैसा राइशटागने, म्हणजे साम्राज्याच्या संसदेने, टप्प्याटप्प्याने मंजूर केला. ज्या इमारतीत तेव्हा ही मतदाने झाली त्याच इमारतीत आज बुंडेस्टागच्या, म्हणजेच जर्मन संसदेच्या, बैठका भरतात. समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते आउगुस्ट बेबेल यांनी या युद्धावर सभागृहात कडक टीका केली होती. १३ डिसेंबर १९०६ रोजी युद्धाच्या पुरवणी खर्चाची मागणी फेटाळली गेली, तेव्हा चान्सेलर ब्यूलो यांनी राइशटाग बरखास्त करवले. जानेवारी १९०७ ची जी निवडणूक झाली ती वसाहतीच्या आणि राष्ट्राभिमानाच्या नावाने लढली गेली, आणि १९०३ मध्ये ८१ जागा जिंकणाऱ्या समाजवादी लोकशाही पक्षाच्या वाट्याला ४३ च जागा आल्या. त्या महिन्यांत शार्क बेटावर माणसे रोज मरत होती. जर्मन मतदाराला या युद्धाबद्दल काहीच ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्याला त्याविषयी मत विचारले गेले होते आणि त्याने ते दिले होते. या एका कारणामुळे तरी स्मरणाचे काम परराष्ट्र मंत्रालयाकडे सोपवून संसदेला मोकळे होता येणार नाही.

स्मरण हे राज्यसंस्था लोकांना देते असा जो समज आहे, त्याला नामिबियाचा इतिहास पुरता छेद देतो. सामुएल माहारेरो वाळवंट ओलांडून ब्रिटिशांच्या बेचुआनालँडमध्ये, म्हणजे आजच्या बोत्सवानात, गेले आणि १९२३ मध्ये परागंदा अवस्थेतच वारले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्यांचा देह ओकाहांड्याला त्यांच्या पूर्वजांच्या शेजारी पुरण्यात आला, आणि त्या अंत्यविधीसाठी विखुरलेले हेरेरो प्रथमच एवढ्या संख्येने एकत्र आले. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये हा समाज तेथे जमतो. पुरुष लष्करी गणवेश घालून, हुद्द्यांसह, पथकांनी चालतात. या पथकांना ओतुरुपा म्हणतात आणि गणवेशाची घडण मारेकऱ्यांच्याच सैन्याकडून घेतलेली आहे. स्त्रिया धर्मोपदेशकांच्या काळापासून रूढ झालेला लांब, घेरदार झगा घालतात आणि डोक्याला गाईच्या शिंगांसारखी आडवी पसरलेली ओत्जिकाइवा ही शिरोभूषा बांधतात. बाहेरच्या पाहुण्याला शत्रूचा वेश धारण करण्याची ही रीत चमत्कारिक वाटते. परंतु ज्यांची गुरे, जमीन आणि नेतृत्व एकदमच हिरावले गेले, त्यांनी शत्रूच्या शिस्तीचे चिन्ह आपल्या अंगावर घेऊन स्वतःचा मोडलेला समाज पुन्हा रांगेत उभा केला, असाच तिचा अर्थ लावणे योग्य ठरेल. हेरेरोंमधील लाल ध्वजाचा गट ओकाहांड्याला जमतो, तर पांढऱ्या ध्वजाचा गट ओमारुरूला.

या स्मरणाचे दुसरे अंग वाणीचे आहे. ओमितांदु म्हणजे माणसांची, गुरांची आणि जागांची स्तुतिपर गीते. त्यांत अमुक पाणवठ्यावर कोण मेले, अमुक टेकडीपाशी कोणाचा कळप होता, हे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते, त्यामुळे जमीन हातून गेल्यावरही जमिनीचा नकाशा त्यांच्या मुखी राहिला. मौखिक परंपरेला एरवी इतिहासाचे दुय्यम साधन मानण्याची प्रथा आहे. येथे ती प्रथा चालत नाही, कारण लेखी साधनांची वाट सत्ताधाऱ्यांनीच लावली: जर्मन राजवटीतील अत्याचारांविषयी हेरेरो व नामा साक्षीदारांच्या जबान्यांसह ब्रिटिशांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल, गोऱ्या वसाहतवाल्यांमधील सलोखा बिघडू नये म्हणून, १९२६ मध्ये तेथील विधानसभेच्या ठरावाने नष्ट करण्यात आला. नामा समाज गिबिऑन येथे विटबोईंची आठवण दर ऑक्टोबरमध्ये जागवतो, आणि स्वतंत्र नामिबियाने १९९३ पासून आपल्या नोटांवर त्यांचे चित्र छापले. तात्पर्य, शंभर वर्षे हे स्मरण वाहिले ते कोणत्याही सरकारच्या मदतीविना, आणि बराच काळ सरकारच्या विरोधात.

त्याच शंभर वर्षांत राजधानीच्या टेकडीवर दुसरेच स्मरण उभे होते. २७ जानेवारी १९१२ रोजी, कैसर विल्हेल्म दुसरे यांच्या वाढदिवशी, विंडहूकच्या जुन्या किल्ल्याजवळ घोडेस्वार सैनिकाचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या फलकावर मृत जर्मन सैनिक आणि नागरिक मोजलेले होते, हेरेरो आणि नामा यांचा उल्लेखही नव्हता, आणि त्या परिसरातच एक छळछावणी होती. २५ डिसेंबर २०१३ रोजी तो हटवला गेला आणि २०१४ मध्ये किल्ल्यासमोर वंशसंहाराचे स्मारक उभे राहिले. ते उत्तर कोरियाच्या मान्सुदे या कंपनीने घडवले असून त्यात बेड्या तोडलेले स्त्री-पुरुष हात उंचावून उभे आहेत. या स्मारकाबद्दल एक गोष्ट आदरपूर्वक पण स्पष्ट सांगितली पाहिजे: ते वंशसंहारापेक्षा स्वातंत्र्यलढ्याच्या विजयाचे स्मारक अधिक आहे. १९०४ चा मृत्यू हा १९९० च्या स्वातंत्र्याची पायरी म्हणून मांडला, की ज्यांच्या घरात एकही माणूस उरला नाही त्यांच्या दुःखाला जागा उरत नाही, आणि दोन विशिष्ट समाजांचे नुकसान सगळ्या राष्ट्राच्या सामायिक कथेत विरघळून जाते. २८ मे हा वंशसंहार स्मृतिदिन नामिबियाने २०२५ मध्ये प्रथम पाळला, तेव्हाही हीच अडचण समोर आली. १९०७ मध्ये त्या दिवशी छावण्या बंद करण्याचा आदेश निघाला म्हणून सरकारने तो दिवस निवडला. अनेक पारंपरिक नेत्यांचे म्हणणे असे, की संहाराचा दिवस संहारकर्त्यांच्या आदेशावरून ठरू नये, २ ऑक्टोबरसारखी तारीख त्याला अधिक साजेशी आहे. हा वाद नामिबियाच्या नागरिकांनी सोडवायचा आहे. जर्मन संसदेने त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच, की विंडहूकच्या सरकारशी बोलणे म्हणजे वारसांशी बोलणे नव्हे.

बर्लिनकडे वळले असता दृश्य आणखी विषण्ण करणारे आहे. जर्मन समाजाने नाझी काळातील आपल्या गुन्ह्यांचे जे स्मरण केले त्याचा आदर सगळ्या जगात आहे, आणि तो योग्यच आहे. संसद भवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर युरोपातील हत्या झालेल्या ज्यूंचे स्मारक आहे, सिंती आणि रोमा लोकांचे आहे, नाझींनी मारलेल्या राइशटागच्या सदस्यांचेही आहे. हेरेरो आणि नामा यांच्यासाठी त्या परिसरात काही नाही. नॉयकोल्न भागातील कोलुंबियाडामवरच्या जुन्या लष्करी दफनभूमीत त्या युद्धात मेलेल्या सात जर्मन सैनिकांच्या नावांची एक मोठी शिळा आहे, आणि २००९ मध्ये तिच्या पायथ्याशी जर्मन वसाहतवादाच्या नामिबियातील बळींसाठी एक सपाट फलक बसवण्यात आला. मारणाऱ्यांची नावे उभ्या दगडावर, मेलेल्यांचा निनावी उल्लेख जमिनीलगत, आणि त्या उल्लेखातही वंशसंहार हा शब्द नाही. याहून बरे काम रस्त्यांच्या पाट्यांनी केले आहे. म्यूनिकने २००६ मध्ये ट्रोथांचे नाव असलेल्या रस्त्याला हेरेरोंचे नाव दिले, आणि बर्लिनच्या वेडिंग भागातील, वसाहतकार ल्युडेरिट्झ यांच्या नावाचा रस्ता २०२२ मध्ये कॉर्नेलियस फ्रेडरिक्स यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. ब्रेमेन शहरात वसाहतींच्या गौरवार्थ बांधलेला विटांचा प्रचंड हत्ती आता वसाहतवादविरोधी स्मारक मानला जातो आणि त्याच्याजवळ ओहामाकारीच्या बळींचे स्मृतिस्थळ आहे. ही कामे नगरपालिकांनी आणि नागरिकांच्या गटांनी वर्षानुवर्षे चिकाटीने करवून घेतली. राष्ट्राच्या संसदेचा त्यात वाटा नाही.

शासनाच्या पातळीवर जे घडले त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १४ ऑगस्ट २००४ रोजी तत्कालीन मंत्री हायडेमारी वीचोरेक-त्सॉइल यांनी ओहामाकारी येथे प्रत्यक्ष जाऊन क्षमा मागितली. सभागृहाचे तत्कालीन अध्यक्ष नॉर्बर्ट लामर्ट यांनी २०१५ मध्ये लेख लिहून वंशसंहार हा शब्द वापरला. मे २०२१ मध्ये दोन्ही सरकारांच्या संयुक्त घोषणापत्राचा मसुदा जाहीर झाला. त्यात ३० वर्षांत एकूण १ अब्ज १० कोटी युरो देण्याचे ठरले, त्यातील १ अब्ज ५ कोटी विकासकामांसाठी. हा मसुदा नंतर कित्येक वर्षे स्वाक्षऱ्यांवाचून पडून राहिला, आणि २०२३ च्या सुरुवातीस त्याला विंडहूकच्या उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. अडचण रकमेपेक्षा खोल आहे. हेरेरो आणि नामा यांचे स्वतः निवडलेले प्रतिनिधी या वाटाघाटींत स्वतंत्र पक्ष म्हणून नव्हते, बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेत पांगलेल्या वंशजांचा तर विचारच झाला नाही, आणि विकासनिधी म्हणून मिळणारा पैसा हा भरपाई नव्हे हे जर्मन बाजूने आवर्जून सांगितले गेले. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनीही, म्हणजे मानवी हक्कांवर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी, वंशजांच्या सहभागाच्या अभावावर बोट ठेवले.

आणि त्या घोषणापत्रातील कबुली सशर्त आहे. १९०४ ते १९०८ च्या घटनांना आजच्या दृष्टीने वंशसंहार म्हणता येईल, अशी तिची मांडणी आहे. तिच्यामागचे कायदेशीर तर्कशास्त्र असे, की वंशसंहाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९४८ चा असल्याने त्यापूर्वीच्या कृत्यांतून कायदेशीर दायित्व निर्माण होत नाही. या तर्काला उत्तर याच सभागृहाने दिलेले आहे. २ जून २०१६ रोजी बुंडेस्टागने उस्मानी साम्राज्यातील आर्मेनियनांच्या १९१५-१६ मधील संहाराला वंशसंहार म्हटले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी युक्रेनमधील १९३२-३३ च्या कृत्रिम दुष्काळाला, होलोदोमोरला, तेच नाव दिले. या दोन्ही घटना १९४८ पूर्वीच्या आहेत. तुर्कस्तानच्या आणि सोव्हिएत रशियाच्या इतिहासाला जो शब्द निःशंकपणे लावता येतो, तो जर्मनीच्या इतिहासाला लावताना कायद्याची अट आडवी यावी, हे या सभागृहाच्या नैतिक प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि २०१६ च्या ठरावानंतर ही विसंगती तुर्कस्तानच्या नेत्यांनी जाहीरपणे दाखवूनही दिली होती. राजकीय मान्यता आणि न्यायालयीन दायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरीचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. भरपाईच्या प्रश्नात हे सभागृह पुढे काय भूमिका घेईल ते घेवो, परंतु स्वतःच्या नावाने, अटीवाचून, एक ठराव करणे त्याच्या हाती आजही आहे.

ठरावाइतकाच तातडीचा प्रश्न मृतांच्या अवशेषांचा आहे. छावण्यांत मेलेल्या कैद्यांच्या कवट्या वंशभेदाच्या तथाकथित अभ्यासासाठी जर्मनीत पाठवल्या गेल्या, आणि त्यांचे मांस खरवडण्याचे काम कैदी स्त्रियांकडून करून घेण्यात आले. २०११ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २० कवट्या परत केल्या, त्यांत ९ हेरेरोंच्या आणि ११ नामांच्या होत्या, आणि एक लहान मुलाची होती. २०१४ आणि २०१८ मध्ये आणखी अवशेष परत गेले. २०१९ मध्ये विटबोईंचे बायबल आणि चाबूक श्टुटगार्टच्या संग्रहालयातून गिबिऑनला पोहोचले. पण परत गेलेल्या अवशेषांपैकी कित्येक विंडहूकच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या कोठारातच राहिले. संग्राहकांनी त्या माणसांची नावे आणि गावे नोंदलीच नव्हती, केवळ वंश आणि क्रमांक नोंदले होते. मग कोणत्या कुटुंबाने, कोणत्या गावी, कोणत्या विधीने त्यांना मूठमाती द्यायची? जर्मन विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या उरलेल्या नोंदवह्या वंशजांच्या अभ्यासकांना खुल्या करून देणे आणि त्या अभ्यासाचा खर्च उचलणे, हे संसदेला एका अर्थसंकल्पात करता येण्याजोगे काम आहे.

जमिनीखालचे मृत तर अद्याप मोजलेही गेलेले नाहीत. स्वाकोपमुंडच्या दफनभूमीलगत वाळूत निनावी उंचवट्यांच्या रांगा आहेत, तर शहराच्या मध्यभागी जर्मन नौसैनिकांचे १९०८ चे स्मारक सुस्थितीत उभे आहे. शार्क बेटावर पर्यटकांसाठी तंबू ठोकण्याची जागा करण्यात आली. अलीकडे नामा पारंपरिक नेत्यांच्या संघटनेने न्यायवैद्यक पद्धतीने भूभागाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांसह त्या बेटाच्या परिसराचे सर्वेक्षण केले असून, तेथे दफने असण्याची दाट शक्यता त्यातून पुढे आली आहे. याच ल्युडेरिट्झ परिसरात हरित हायड्रोजनचा मोठा प्रकल्प आखला गेला आहे, त्यात जर्मन भांडवलाचा सहभाग आहे आणि त्यासाठी बंदराचा विस्तार प्रस्तावित आहे. ज्या बंदराच्या कामावर कैदी मेले, त्याच बंदराच्या विस्तारात त्यांची हाडे उकरली जाण्याचा धोका आहे, आणि यावेळी आपल्याला ठाऊक नव्हते असे जर्मनीला म्हणता येणार नाही. बेटाच्या आणि किनाऱ्याच्या संपूर्ण सर्वेक्षणाआधी त्या विस्ताराला जर्मनीचे कोणतेही सार्वजनिक अर्थसाहाय्य किंवा हमी मिळू नये, सर्वेक्षणाची सूत्रे नामा आणि हेरेरो संघटनांच्या हाती असावीत, आणि त्याचा खर्च विकासनिधीतून वजा न करता वेगळा मंजूर व्हावा, असा निर्णय या सभागृहाने चालू कार्यकाळातच घ्यावा.